कारा-ओयच्या कुरणातली चूल

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चूल आहे. माझ्या पत्र्यावर गंजाचे तपकिरी डाग पसरले आहेत, एक पाय दुसऱ्यांदा जोडलेला आहे आणि दार तर माझे स्वतःचे नाहीच. तरीही पोटात विस्तव पडला की मी अजून गाते. पत्रा तापताना आणि निवताना बारीक टिकटिक करतो, तेच माझे गाणे. लहान मुले ते ऐकता ऐकता झोपी जातात. मलाही तेव्हा अर्धवट झोप लागते आणि जुने दिवस डोळ्यांसमोरून धुरासारखे जातात.

माझा जन्म कोळशाच्या खाणीत झाला. किरगीझ डोंगरांत, जिथे श्रावणातही एखाद्या सकाळी बर्फ पडते, तिथे कारा-ओय नावाचा मोठा द्रोण आहे. भोवती पांढरी शिखरे आणि तळाशी हिरवे कुरण. कारा-ओय म्हणजे काळा खळगा. गवत इतके हिरवे असताना हे नाव कसे पडले, असे परक्याला वाटते. पण तिथले मार्मोट, म्हणजे खारीच्या जातीचे गुबगुबीत प्राणी, बिळे उकरायचे तेव्हा बाहेर पडणारी माती काळीभोर असायची. जमिनीच्या पोटात काय आहे ते माणसांच्या आधी त्यांना कळले होते.

ओमूर नावाचा एक तरणाबांड गडी खाणीच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. खाण तेव्हा लहान होती, एखाद्या शाळेच्या मैदानाएवढी. एक म्हातारा ट्रक मोडीत निघाला. ओमूरने त्याची मागची लोखंडी फळी मागून घेतली आणि अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून ती कापली, वाकवली, सांधली. चार पाय, एक दार, राखेचा खण आणि वर धुराडे. सोबती त्याची टर उडवायचे.

"काय रे ओमूर, नवरी आणतोयस की भट्टी?"

"नवरीला थंडी वाजली तर ती माहेरी पळेल," तो म्हणायचा. "मग तुम्ही येणार आहात का मला चहा करून द्यायला?"

नवरीचे नाव बुरुलचा. तिने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टकटक केले आणि नवऱ्याला म्हणाली, "जाड आहे. तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." दोघेही खूप हसले. पुढे ते खरे झाले, पण ते हसण्यासारखे नव्हते.

त्यानंतर चाळीस उन्हाळे मी कारा-ओयच्या कुरणात काढले. जून लागला की बुरुलचाचे बिऱ्हाड मेंढ्यांमागे वर चढायचे आणि सप्टेंबरात खालच्या गावी उतरायचे. दरवर्षी लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू त्याच जागी उभा राहायचा, झऱ्यापासून साठ पावलांवर, आणि मी तंबूच्या मधोमध. माझ्या पायांनी जमिनीत चार खळ्या पाडल्या होत्या. वर्षभराने परत आले तरी माझा पाय आपला आपण त्यांत बसायचा.

माझ्यावर नान भाजली गेली, बोरसोक म्हणजे पिठाचे छोटे गोळे तळले गेले, मीठ घातलेला दुधाचा चहा दिवसातून दहा वेळा उकळला. थंडीने गारठलेली कोकरे माझ्या कुशीत ठेवून जगवली गेली. शेजारच्या तंबूतल्या बायका पीठ मळून आमच्याकडे यायच्या. म्हणायच्या, "बुरुलचा, तुझ्या चुलीवर पाव कसा फुलतो गं! आमची नुसती जाळते." मित्रांनो, खोटे कशाला सांगू, अशी स्तुती ऐकली की मी थोडी जास्तच तापायची.

दिवसा माझ्यात मेंढ्यांच्या लेंड्यांच्या गोवऱ्या जळायच्या. संध्याकाळी मात्र बुरुलचा खाणीतला कोळसा घालायची. तो पेटला की मला स्वप्ने पडायची. त्या स्वप्नांत डोंगर नसायचे, बर्फ नसायचे. उबदार पाऊस पडत असायचा, माणसाहून कितीतरी उंच नेचे झुलत असायचे आणि ओल्या पानांवर पाने मूकपणे साचत जायची. कोळशाला आपले बालपण आठवते आणि जळता जळता तो ते मला सांगतो, अशी माझी समजूत आहे.

ओमूर आणि बुरुलचाला एकच लेक झाली. तिचे नाव सेल्कीन, म्हणजे वाऱ्याची झुळूक. ती माझ्याभोवती रांगली, माझ्या उजेडात अभ्यास करून शहरात शिकायला गेली. मधल्या काळात तो जुना मोठा देश मोडला, खाण काही वर्षे झोपली, आणि जागी झाली ती भुकेलेली होऊनच. आधी आम्हाला ती दिसत नसे. मग उताराच्या खालून तिची धूळ दिसू लागली. मग सुरुंगाचा आवाज आला की माझ्या पाठीवरच्या किटलीचे झाकण खणखणू लागले. एका हिवाळ्यात ओमूर छातीच्या दुखण्याने गेला. पुढच्याच वर्षी सेल्कीन परत आली, त्याच खाणीत मोजणीदार म्हणून.

आता मी तुम्हाला माझ्या चाळिसाव्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते.

जूनच्या शेवटी सेल्कीन मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई आणि खुंट्यांचा भारा घेऊन कुरणात आली. प्रत्येक खुंटीला लाल फडके होते. पहिली खुंटी तिने झऱ्यापलीकडे ठोकली, मग घोडे बांधायच्या खांबाजवळ, मग आमच्या तंबूमागे बारा पावलांवर. बुरुलचा दारात उभी राहून पाहत होती. लेक आत आली तेव्हा तिने चहाचा वाडगा पुढे सरकवला.

"घे."

"अपा," ती आईला म्हणाली, "आधी ऐक. खाण या बाजूला वाढणार आहे."

"या बाजूला म्हणजे कुठवर?"

"आपण बसलोय ना, तिथवर. पुढच्या वसंतापर्यंत."

बुरुलचाने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने वाडग्याची कड पुसली. ती स्वच्छच होती. "आणि खुंट्या तूच ठोकायच्या होत्यास? दुसरं कोणी मिळालं नाही त्यांना?"

"मिळालं असतं. पण मग तुला सांगायला कोण आलं असतं?"

सेल्कीन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलचाने मेंढ्या सोडल्या आणि कुरणभर हिंडून एकोणीसच्या एकोणीस खुंट्या उपटून आणल्या. चांगले कोरडे पाइनचे लाकूड होते ते. असा सोनेरी जाळ माझ्या पोटात कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुपारी लेक आली. "अपा, माझ्या खुंट्या कुठायत?"

बुरुलचाने चहा ओतला. "पी. त्यांच्यावरच उकळलाय."

सेल्कीनला हसू फुटले. तिने ते दाबले. "मला पुन्हा ठोकाव्या लागतील."

"ठोक की. मला सरपणाची ददात नाही पडणार."

"अपा, खालच्या गावात हिवाळ्यात काय जाळतात? शाळेत काय जाळतात? तू रोज संध्याकाळी या चुलीत काय घालतेस? कोळसा हवा आणि खाण नको, असं कसं चालेल?"

त्या संध्याकाळी तिने मला कोळसा घातलाच नाही, आणि आम्ही दोघी कुडकुडत राहिलो. मायलेकींचे बोलणे त्या दिवसापासून बंद झाले.

ऑगस्टात यंत्रे आमच्या उताराचा पायथा कापू लागली. पाचव्या सहाव्या दिवशी सकाळी कढईतल्या रश्श्याची चरबी एकाच बाजूला जमा झालेली दिसली. बुरुलचाने वाकून पाहिले आणि खाणीच्या बाजूच्या माझ्या पायाखाली एक चपटा खडा सरकवला. तीन दिवसांनी दुसरा लागला. पहिल्या खड्यापासून आठव्या दिवशी तिसरा. मग माझे दार आपोआप उघडू लागले. ती लावायची, ते हळूच उघडायचे, आणि निखारा बाहेर गवतावर पडायचा. मला वाटले, मीच म्हातारी झाले, माझेच पाय गेले.

बुरुलचाला तसे वाटले नाही. ती बराच वेळ माझ्यासमोर उकिडवी बसून राहिली. मग झऱ्याकडे गेली. पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती. तिथून ती उतारावर चढली आणि परत आली ती थेट घोडीवर खोगीर टाकायलाच. ओमूर गेल्यापासून तिने खाणीच्या दारात पाय ठेवला नव्हता. तासाभराने ती लेकीला मागे बसवून घेऊन आली.

"सांग, काय झालं ते," सेल्कीन म्हणाली. तिचा आवाज अजून घुश्श्यातलाच होता.

"चाळीस वर्षं ही चूल इथं उभी आहे. एकदाही खडा लावावा लागला नाही. आता आठ दिवसांत तीन लावलेत. आणि वर गवतात भांग पाडल्यासारखी रेघ पडलीय. सकाळी त्यात कोकराचा पाय अडकला."

सेल्कीन गुडघ्यांवर बसली. तिने तिन्ही खडे बोटाने चाचपले, खिशातून छोटी पाणसळ काढून माझ्या पाठीवर ठेवली. आतला बुडबुडा धावत जाऊन एका टोकाला चिकटला. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. ती फीत घेऊन उतारावर पळाली. भेग चार बोटे रुंद होती. दुपारी तिने पुन्हा मोजली तेव्हा सहा बोटे झाली होती.

ती तंबूत परतली आणि तिने खाणीचा प्रमुख काबीलबेक याला फोन लावला. तो मोठ्याने बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू आले.

"उन्हाळ्यात आतलं बर्फ वितळलं की डोंगराची जमीन थोडी हलतेच, पोरी. हे तुला शिकवलं नाही का कोणी?"

"चाळीस उन्हाळे बर्फ वितळतंय, बाइके. चूल हलली नव्हती." वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आदराने बाइके म्हणतात.

"चूल? आता चुलीवरून खाण चालवायची? वरून आदेश आल्याशिवाय मला यंत्रं थांबवता येत नाहीत. हिवाळ्याचा कोळसा अडकलाय. लेखी पाठव, बघतो."

सेल्कीनने फोन खिशात टाकला. "अपा, तंबू उतरव. शेजाऱ्यांनाही सांग. सगळे पलीकडच्या टेकडीवर जा."

"आणि तू?"

"खाणीच्या खड्ड्यात चौदा माणसं आहेत."

बुरुलचाने तिची बाही पकडली. घट्ट पकडली, बोटे पांढरी झाली. मग सोडली आणि घोडीचा लगाम तिच्या हातात दिला. "हिला घेऊन जा. पायी उशीर होईल."

पुढे खड्ड्यात काय झाले ते मला शारशेनने सांगितले. शारशेन म्हणजे सर्वांत मोठ्या खोदणयंत्राचा चालक, ओमूरचा जुना दोस्त. सेल्कीन घोडीवरून थेट त्याच्या यंत्राच्या दातांसमोर जाऊन उभी राहिली. त्याने खिडकीतून डोके काढले.

"मरायचंय का गं? हट बाजूला!"

"इंजिन बंद करा, बाइके. उतार सरकतोय. सगळ्यांना वर घेऊन चला."

"काबीलबेकचा हुकूम आहे?"

"नाही. माझं मोजमाप आहे. आणि अपाची चूल वाकडी झालीय."

"ओमूरनं केलेली चूल वाकडी?" शारशेनने मान वळवून उताराकडे पाहिले. "तो गडी एक केसभर तिरपं काही करायचा नाही. मग जमीनच वाकडी झाली असणार." त्याने इंजिन बंद केले आणि किल्ली बुटात टाकली. त्याचे पाहून बाकीच्यांनीही केले.

इकडे शेजाऱ्यांनी मिळून आमचा तंबू उतरवला. नमदे गुंडाळले, लाकडी जाळ्या मिटल्या, भांडीकुंडी घोड्यांवर लादली. मी मात्र सकाळपासून पेटलेली होते. दोघांनी फडकी धरून मला उचलायचा प्रयत्न केला आणि हात झटकत मागे सरले.

"राहू दे तिला," बुरुलचा म्हणाली. "निवली की येऊन नेऊ." जाताना तिने माझे दार लावून त्याला दगड टेकवला.

आणि मित्रांनो, मी त्या कुरणात एकटी उरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर छप्पर नव्हते. माझा धूर सरळ आकाशात जात होता आणि तिथे ढगांत मिसळत होता. मार्मोट शीळ घालायचे थांबले होते. गवतातून वारा वाहत होता, आणि त्याखाली आणखी एक आवाज होता, फार खोल, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा. रात्र गेली. मी निवले. सकाळी माझ्या अंगावर दहिवर गोठले होते. ते उन्हात वितळून थेंब थेंब गळत होते. मी बुरुलचाची वाट पाहत होते.

पलीकडच्या टेकडीवर ती निघायला उतावीळ झाली होती, पण सेल्कीनने तिला येऊ दिले नाही. तिथे खाणीची माणसेही जमली होती. कालपासून काहीच घडले नव्हते, त्यामुळे काहींना आता गंमत सुचत होती. "सेल्कीन, चुलीनं आणखी काय सांगितलंय? माझं लग्न कधी होणार ते विचार ना!" ती हसली नाही. ती रात्रभर जागून तिपाईमागे उभी होती. काबीलबेक संतापून आला. दुपारी बारापर्यंत काही झाले नाही तर सगळे खाली उतरतील आणि मोजणीदार बाई घरी जातील, असे त्याने सर्वांसमोर बजावले. साडेअकराला दोघे चालक कंटाळून उतारावर निघालेही. शारशेनने एकाला कॉलर धरून मागे ओढले, तेव्हा दुसराही थांबला.

तेवढ्यात कुरण निघाले.

मला धक्का बसला नाही. आधी झरा गप्प झाला. मग समोरची शिखरे हळूहळू वर जाऊ लागली. खरे तर मीच खाली चालले होते. गवत, फुले, घोडे बांधायचा खांब, तंबूचा गोल ठसा, सारे तसेच्या तसे माझ्याबरोबर चालले होते, गाव जत्रेला निघाल्यासारखे. कितीतरी वेळ आम्ही असे तरंगत गेलो. पिवळी फुले माझ्या अंगाला घासत होती. मग जमिनीला चिरा पडल्या, काळी माती उसळली, आणि आभाळ मिटले.

लोक म्हणतात, तो गडगडाट खालच्या गावात ऐकू गेला. तीन यंत्रे गाडली गेली. माणूस एकही गेला नाही. धूळ बसल्यावर काबीलबेकने टोपी काढली आणि तो जमिनीवरच बसला. पुढे चौकशी झाली तेव्हा त्याला सावरून घ्यायला पुष्कळजण तयार होते. पण तो उभा राहून म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." मग त्याने नोकरी सोडली. त्याचा मला राग येत नाही.

मात्र कुरण गेले. झरा गेला. त्याचे पाणी आता खड्ड्याच्या तळाशी काळे होऊन झिरपते. सेल्कीनने चौदा जीव वाचवले, पण आईच्या उन्हाळ्यांची जागा तिला वाचवता आली नाही. टेकडीवर त्या दिवशी ती आईच्या गळ्यात पडून रडली. बुरुलचा तिला थोपटत एवढेच म्हणाली, "गवत पुन्हा उगवतं कुठेतरी. तू एकच आहेस."

ऑक्टोबरात ढिगारा उपसताना शारशेनच्या यंत्राच्या दातांत मी सापडले. दार गेले होते, एक पाय तुटला होता. त्याने मला कारखान्यामागे ठेवले. बुरुलचाला सांगायचे म्हणून ठेवले आणि विसरला. दोन हिवाळे मी तिथे बर्फाखाली होते. कोणी माझ्यावर गंजके बोल्ट ठेवायचे, कोणी जाता जाता चहाचा चोथा टाकायचे. माझ्या पोटात विस्तव नव्हता, त्यामुळे स्वप्नेही नव्हती. मित्रांनो, उपेक्षा म्हणजे कोणी मारणे नव्हे. कोणाला आपली आठवणच नसणे, ती उपेक्षा.

दुसरा हिवाळा सरल्यावर एके दिवशी सेल्कीन कारखान्यात तिपाईचा स्क्रू मागायला आली आणि माझ्यासमोर थबकली. तिने हाताने माझ्यावरचा चोथा झाडला. तिसऱ्या दिवशी मला नवा पाय आणि दुसऱ्या कुठल्याशा चुलीचे दार लागले, आणि शारशेनच्या गाडीत बसून मी खिंडीपलीकडच्या कुरणात पोचले. ते उंचावर आहे. गवत आखूड, आणि पाणी गाढवावरून आणावे लागते.

बुरुलचाने मला पाहिले आणि आधी शारशेनलाच धारेवर धरले. "दोन वर्षं! दोन वर्षं मी उसन्या चुलीवर कच्चा पाव खातेय, आणि तुला एक शब्द बोलता आला नाही?"

"म्हातारा झालो, वहिनी," तो डोके खाजवत म्हणाला. "पण तुझा कच्चा पावही मी मुकाट्यानं खाल्ला की नाही?"

सगळे हसले. खाणीतल्या गोष्टी निघाल्या. ती आता दुसऱ्या बाजूने वाढते आहे. मात्र सेल्कीनची सही झाल्याशिवाय कुठल्याही उताराचा पायथा कापत नाहीत, आणि खुंट्या ठोकायच्या आधी ती प्रत्येक तंबूत जाऊन चहा पिते. तिच्या म्हणण्याने रेघ दोनदा मागे सरली आहे. तिसऱ्यांदा सरली नाही. तेव्हा काय झाले ते ती सांगत नाही.

बाहेर थंडी पडू लागली होती. बुरुलचाने पोत्यातून कोळशाचे एक ढेकूळ काढले आणि ते हातात धरून ती बराच वेळ बसली. सेल्कीन तिच्याकडे पाहत होती. मग पाहुण्यांपैकी कोणीतरी खोकले, आणि बुरुलचाने ते हलकेच, पाळण्यात मूल ठेवावे तसे, माझ्यात ठेवले.

मित्रांनो, कोळसा जाळू नका असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या तोंडी ते शोभायचे नाही. मी त्यावरच जगले आहे. पण ज्या उबेजवळ तुम्ही बसता, ती कोणाच्या पायाखालून काढून आणली, हे एकदा विचारत जा. घासाएवढेच घ्या. आणि तुमच्या घरातली एखादी म्हातारी बाई म्हणाली की जमीन हलते आहे, तर हसण्याआधी तिच्याबरोबर उठून पाहून या.

आता माझा राखेचा खण भरला आहे. तो वेळेवर रिकामा केला नाही तर आत हवा खेळत नाही आणि विस्तव गुदमरतो. बुरुलचाचे गुडघे दुखतात, तिला वाकवत नाही. तुमच्यापैकी कोणी उठेल का?